भुताची रजा मंजूर

तात्यांची उभी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका शोधून काढायच्या, एवढंच काम. पण हे काम एकदा अंगात मुरलं की निवृत्तीनंतरही निघत नाही. तात्या दुकानांच्या पाट्या वाचत थांबत, औषधाच्या बाटलीबरोबर आलेला कागद पेन घेऊन वाचत, आणि लिफ्टमधल्या सूचनेतला ऱ्हस्व त्यांनी एकदा स्वतःच्या खिशातल्या मार्करने दीर्घ करून ठेवला होता. त्यांची बायको, म्हणजे साऱ्या इमारतीच्या काकू, म्हणायच्या की लग्नपत्रिका घरी आली की ह्यांना नवरा-नवरी दिसत नाहीत, नुसत्या वेलांट्या दिसतात.

अशा माणसाच्या हातात एके सकाळी वर्तमानपत्र आलं आणि त्यात बातमी होती की ‘भूत पकडून मिळेल’ ही जुनी विनोदी मालिका आता कार्टूनच्या रूपात पुन्हा येणार आहे. तात्यांनी ती बातमी तीनदा वाचली आणि तिच्यात एकही चूक काढली नाही. काकूंनी लगेच त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

आता ही मालिका काय होती ते सांगायला हवं, कारण तरुण मंडळींना ती ठाऊक असायचं कारण नाही. एक उंच साहेब, एक बुटके साहेब. दोघांनी गल्लीत दुकान थाटलेलं आणि वर पाटी, ‘येथे भूत पकडून मिळेल’. कुणाच्या तरी घरी, दुकानी, वाचनालयात भूत निघायचं. मग हे दोघे एक मोठी लोखंडी पेटी घेऊन जायचे, आधी स्वतःच घाबरायचे, एकमेकांना भूत समजून बडवायचे, आणि शेवटी खरं भूत समोर यायचं. भूत दर भागात एकच. अंगावर चादर घेतलेला कोणी एक नट. चादरीला एका कोपऱ्यात ठिगळ होतं आणि ते सगळ्या पोरांना पाठ होतं. तरीही ठिगळ दिसलं की पोरं किंचाळायची. त्या काळी घाबरायला फार खर्च लागत नसे.

हे सगळं बघायचं ते तात्यांच्या घरी, कारण त्या जुन्या दुमजली इमारतीत टीव्ही दोनच होते. एक वरच्या मजल्यावर, बड्या हुद्द्यावरच्या गृहस्थांकडे. पण तिथे गालिचा होता आणि गालिच्यावर परक्या पोरांचे पाय चालत नसत. दुसरा खाली तात्यांच्या घरी, त्यांच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, कुणाकडून तरी जुना घेतलेला. अप्पा पाणीपुरवठा खात्यात कारकून. त्यांच्या घरी गालिचा नव्हता, त्यामुळे सगळी इमारत मावत असे.

अप्पांच्या टीव्हीला एक खोड होती. तो तापायचा. मालिका ऐन रंगात आली की चित्र वरून-खालून दबत दबत एका आडव्या रेघेवर यायचं आणि मागून जळका वास सुटायचा. दुरुस्तीवाल्याने बजावलं होतं की अशा वेळी लगेच बंद करा, नाहीतर भुताऐवजी आग पकडावी लागेल. त्यामुळे भूत समोर आलं, साहेबांनी पेटी उघडली, की अप्पा उठून खटका बंद करायचे आणि टीव्हीवर भरतकामाचं कापड टाकायचे. पोरं हंबरडा फोडायची. तेव्हा अप्पा टीव्हीपुढे उभे राहून सांगत, गप्प बसा, पुढचं मी सांगतो, आमच्या ऑफिसात साप्ताहिक येतं, त्यात सगळी गोष्ट आधीच छापलेली असते. आणि मग ते शेवट सांगायचे.

काय ते शेवट होते! तात्यांना आजही एकेक तोंडपाठ होता. साहेब भुताला पेटीत घालायला जातात, आणि ऐन वेळी बुटके साहेब विचारतात, ‘बाबा रे, तुझी अडचण काय आहे?’ मग भूत रडत रडत अडचण सांगतं. वाचनालयातलं भूत पुस्तकं फेकत होतं, कारण त्याच्या कादंबरीचं शेवटचं पान कुणीतरी फाडून नेलं होतं; पान मिळालं आणि त्याला तिथेच हंगामी नोकरीही लागली. शिंप्याकडचं भूत कोटाचं एक बटण शोधत होतं, कारण उघड्या कोटाने थकलेलं निवृत्तिवेतन मागायला जाणं त्याला बरं वाटत नव्हतं. आणि सगळ्यांचं लाडकं ते गोदामातलं रखवालदाराचं भूत. त्याने जिवंतपणी रजेचा अर्ज केला होता, तो वर अडकला, आणि रजा मंजूर झाल्याशिवाय पहारा सोडायचा नाही म्हणून मेल्यावरही बिचारा कंदील घेऊन फिरत होता. दोन्ही साहेब ऑफिसात जातात, धुळीतून अर्ज शोधून काढतात, सही-शिक्का आणतात. ‘रजा मंजूर’ म्हटल्यावर भूत कंदील खाली ठेवतं, साहेबांना नमस्कार करतं आणि निघून जातं. त्या दिवशी तात्या उशीत तोंड खुपसून रडले होते. पुढे ती मालिका परत कधी दाखवली गेली नाही. जुन्या टेपा पुसून त्यांवर कुस्त्या भरून घेतल्या, अशी वदंता होती.

पण तात्यांना कार्टूनचा एवढा आनंद झाला, त्यामागे आणखी एक कारण होतं, आणि ते त्यांनी काकूंखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. आई गेल्यापासून अप्पा गप्प झाले होते. आजारी नव्हते, जेवायचे, चालायचे. नव्वदीकडे झुकलेल्या माणसाने जेवढं करावं तेवढं सगळं करायचे. बोलायचे मात्र नाहीत. हो, नको, झालं, बरं, एवढ्या चार शब्दांत त्यांचा दिवस निभायचा. ज्या माणसाने सगळ्या इमारतीला खदखदून हसवलं, तो वर्षभर हसला नव्हता. तात्यांनी त्यांच्यासाठी भिंतभर टीव्ही घेतला, खुर्ची त्याच्यासमोर मांडली, सकाळी लावायचा तो रात्री बंद करायचा. अप्पा बसत. टीव्ही बंद झाला तरी तिकडेच तोंड करून बसलेले असत. आता मात्र तात्यांना वाटलं, हे कार्टून लागलं की अप्पा एकदा तरी हसतील. एकदा हसले की पुढचं आपोआप होईल.

पहिला भाग लागला तेव्हा तात्यांनी नातीला मुद्दाम बोलावून घेतलं. अप्पा खुर्चीत, नात त्यांच्या पायाशी, तात्या मधोमध, म्हणजे दोन्ही प्रेक्षकांकडे नजर ठेवता येईल असे. सुरुवातीचा सूर जुनाच होता, फक्त त्याला कुणीतरी मागून ढोल बडवल्यासारखं केलं होतं. उंच साहेब आता आणखी उंच झाले होते, बुटक्या साहेबांच्या पाठीवर यंत्र होतं, आणि भूत हिरवंगार. ठिगळाचा पत्ता नाही. अप्पा फक्त म्हणाले, आवाज वाढव. तात्यांना एवढा हर्ष झाला की त्यांनी आवाज इतका वाढवला की शेजारच्यांनी भिंत ठोकली. शेवटी बुटक्या साहेबांनी यंत्राचा झोत सोडला, भूत पेटीत ओढलं गेलं, पेटीचा स्फोट झाला आणि संपलं.

नात टाळ्या पिटत होती. अप्पा स्वस्थ होते. तात्यांचा चेहरा मात्र एखाद्या पानावर अख्खा परिच्छेद गळलेला आढळावा तसा झाला. अडचण कुठाय? त्यांनी भुताला अडचण विचारलीच नाही.

माणूस म्हटला की तो दोन दिवस चरफडतो आणि सोडून देतो. पण तात्यांनी सोडायचं कसं? त्यांनी वाहिनीला फोन लावला. चित्र दिसत नसल्यास एक दाबा, आवाज येत नसल्यास दोन दाबा, नवीन पॅकेज हवं असल्यास तीन दाबा. शेवट चुकला असल्यास काय दाबावं हे कुणी सांगेना. सगळी बटणं दाबून झाल्यावर एक मुलगी आली. तात्यांनी तिला सगळी हकिकत सांगितली, गोदामातल्या रखवालदारासकट. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, सर, तुमचा सेट-टॉप बॉक्स एकदा बंद करून पुन्हा चालू करा. त्याने शेवट बदलेल का, असं तात्यांनी विचारलं. तिने सांगितलं की बहुतेक अडचणी त्यानेच जातात.

दुसऱ्या दिवशी एक तंत्रज्ञ शिडी घेऊन दारात हजर. तक्रार ‘चित्र दिसत नाही’ या सदराखाली नोंदली गेली होती, कारण फोनवरच्या मुलीच्या संगणकात दुसरं जवळचं सदर नव्हतं. त्याने गच्चीवर जाऊन तारा हलवल्या, खाली येऊन टीव्ही लावला आणि म्हणाला, काका, चित्र तर आरशासारखं स्वच्छ दिसतंय. “हो का,” अप्पा खुर्चीतून म्हणाले. तात्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते तंत्रज्ञाला रखवालदाराची गोष्ट सांगत होते.

मग तात्यांनी जुने प्रेक्षक गोळा करायचं ठरवलं. जुनी इमारत पाडून त्या जागी उंच नवी झाली होती, पण जुन्यांपैकी बरेच जण तिथेच राहिले होते. दातांचे डॉक्टर होते, जे लहानपणी ठिगळ दिसलं की खाटेखाली जात. तळमजल्यावर शिवणक्लास चालवणाऱ्या ताई होत्या. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे बटणाच्या भुतामुळेच त्या शिवणाकडे वळल्या. सगळ्यांनी कार्टून पाहिलं होतं आणि सगळे खवळले होते. डॉक्टर म्हणाले, आपल्या वेळच्या भुतांना माणुसकी होती. सह्यांची मोहीम काढायची, वाहिनीला जाब विचारायचा, मूळ शेवट परत आणायचा, असं एकमताने ठरत आलं. तेवढ्यात दाराशी उभे असलेले ऑडिटर खाकरले.

ऑडिटर म्हणजे वरच्या मजल्यावरच्या गालिचेवाल्यांचा मुलगा. त्यांनी जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले होते आणि चेहरा कायम ताळा न जमल्यासारखा ठेवला होता. ते म्हणाले, “मूळ मालिकेत भूत पेटीतच जायचं. मी तेव्हाही सांगत होतो.”

हे भांडण फार जुनं होतं. लहानपणी दर आठवड्याला वर त्याच्या घरी मालिका संपली की हा मुलगा धडाधड जिने उतरून खाली यायचा, दारात उभा राहून अप्पांचा शेवट ऐकायचा आणि सगळं झाल्यावर म्हणायचा, असं काही नव्हतं, भुताला पेटीत घातलं. पोरं त्याला बडवायची. ‘खोटारडा’ हे त्याचं नावच पडलं होतं आणि ते कॉलेजात जाईपर्यंत टिकलं. ज्याच्या घरी गालिचा आहे तो खरं कशाला बोलेल, असा सगळ्यांचा साधा हिशेब होता.

तात्यांनी त्यांना ऐकवलं की अप्पांनी छापील मजकूर वाचून सांगितलेलं आहे आणि छापील मजकुराबद्दल आपल्याला कुणी शिकवू नये. ऑडिटर म्हणाले, मी पुरावा आणतो. त्यांचा एक मेहुणा वाहिनीच्या जुन्या गोदामात कामाला होता. कुस्त्यांच्या तावडीतून एखादी टेप सुटली असली तर तो शोधील. तात्या म्हणाले, आणाच. सगळ्यांदेखत दाखवू, सोसायटीच्या हॉलमध्ये. पुढे जे झालं ते सगळं या एका वाक्यामुळे झालं.

हॉल मिळवणं ही भूत पकडण्याहून अवघड गोष्ट निघाली. सेक्रेटरी बाईंनी नियमावली काढली. करमणुकीचा कार्यक्रम असेल तर समितीची मंजुरी हवी, समितीची बैठक पुढल्या महिन्यात, आणि तिचे दोन सभासद एकमेकांशी बोलत नसल्याने ती होईलच असं नाही. तात्यांनी विचारलं, तातडीने हॉल कशासाठी मिळतो? बाई म्हणाल्या, फक्त शोकसभेसाठी. तात्यांनी क्षणभर विचार केला. एका परीने बघितलं तर मूळ मालिका गेलीच होती. त्यांनी शोकसभेसाठी हॉल घेतला.

वॉचमनने फलकावर खडूने लिहिलं: रविवारी दुपारी शोकसभा, आणि खाली तात्यांच्या फ्लॅटचा नंबर. आता त्या फ्लॅटमध्ये शोक करण्याजोगं वय एकाच माणसाचं होतं. तासाभरात फोन सुरू झाले. काकू बाजारात, तात्या ऑडिटरांच्या दारात तावातावाने बोलत, म्हणून फोन अप्पांनी उचलला. पलीकडून कुणीतरी गहिवरून विचारलं, अप्पा गेले म्हणे? अप्पा म्हणाले, नाही, इथेच आहे. पलीकडच्याने फोन ठेवून दिला आणि म्हणे दोन दिवस अंथरूण धरलं. मागल्या इमारतीतल्या एक बाई तर फुलं घेऊनच आल्या. अप्पांनी दार उघडलं, फुलं हातात घेतली, वास घेतला आणि ‘बरं’ म्हणून दार लावलं. तात्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी फलक पुसून नीट मजकूर लिहायला घेतला, पण सेक्रेटरी बाईंनी हात धरला. शोकसभा नसेल तर हॉल नाही. तेव्हा फलकावर अखेर ‘शोकसभा (कोणीही गेलेले नाही)’ असं राहिलं, आणि त्यामुळे तर जास्तच लोक यायचे ठरले.

रविवारी हॉल तुडुंब भरला. अर्धे शोकाचे पांढरे कपडे घालून आले होते, कारण ठाम काही कळत नव्हतं. ऑडिटर कोट घालून आले होते. हातात तबकडी होती. मेहुण्याने एकच टेप शोधली होती आणि ती तबकडीवर उतरवून दिली होती. भाग कुठला, तर गोदामातल्या रखवालदाराचा. तात्यांनी मनात म्हटलं, वा, देवानेच दिला. त्यांनी अप्पांना पहिल्या रांगेत मधोमध बसवलं आणि छोटं भाषण केलं. त्यात मूळ संहितेची शुद्धता असा शब्दप्रयोग चारदा आला. मग खिडक्यांचे पडदे ओढले गेले.

जुना सूर लागला आणि हॉलमधली सगळी पिकली डोकी एकदम गुणगुणायला लागली. करड्या, खरखरीत चित्रात ते दोघे साहेब पेटी उचलून आले, पेटी पायावर पाडून घेतली, आणि डॉक्टर इतके हसले की त्यांच्या शेजारच्या माणसाने त्यांना धरलं. गोदाम आलं. कंदील हलला. चादरीचं ठिगळ दिसलं आणि शिवणक्लासच्या ताईंनी किंकाळी फोडली. तात्यांना आईच्या हातांचा साबणाचा वास आला, खाटेच्या दोऱ्या पाठीला रुतल्या, कुणाची तरी कोपरं बरगडीत बसली. एवढी माणसं एकाच वेळी लहान झालेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. ते सारखे वळून अप्पांकडे बघत होते. अप्पा मान किंचित तिरपी करून बसले होते, चेहरा नेहमीसारखाच.

उंच साहेबांनी पेटी उघडली. इथे सगळे जुने प्रेक्षक नकळत मागे टेकले. आजवर कधी याच्या पुढे गेलेच नव्हते. कुणीतरी सवयीने सुस्कारासुद्धा सोडला. पण पडदा चालूच राहिला.

बुटक्या साहेबांनी काहीही विचारलं नाही. त्यांनी भुताच्या डोक्यावर टपली मारली, दोघांनी मिळून त्याला पेटीत कोंबलं, झाकण लागेना म्हणून उंच साहेब वर बसले, कडी घातली. मग दोघांनी हात झटकले आणि बुटके साहेब म्हणाले, ‘चला, अजून एक डबाबंद.’ मागे हशाचा आधीच भरून ठेवलेला आवाज आला. संपलं.

पडदे उघडले तरी कुणी बोलेना. पोरं मात्र म्हणाली, एवढंच? तात्यांच्या डोक्यात एकामागून एक खटके पडत होते. रजेचा अर्ज. सही-शिक्का. वाचनालयातल्या भुताला नंतर मिळालेली हंगामी नोकरी. शिंप्याकडच्या भुताचं थकलेलं निवृत्तिवेतन. सगळ्या भुतांच्या गोष्टी शेवटी ऑफिसातच कशा शिरतात, हे पूर्णविरामाच्या जागी स्वल्पविराम न चालणाऱ्या तात्यांना आजवर कधी खटकलं नव्हतं. ज्या मजकुरासाठी ते महिनाभर साऱ्या जगाशी भांडले, तो मजकूर कुठे छापलाच गेला नव्हता. ऑडिटर उठून उभे राहिले होते. आयुष्यभर वाट पाहिलेला क्षण आला होता आणि सगळा हॉल त्यांच्याऐवजी अप्पांकडे बघत होता.

तात्यांना खरं तर राग आला. एवढ्या लोकांत अप्पांनी त्यांना तोंडघशी पाडलं होतं. ते तरातरा अप्पांच्या खुर्चीपाशी गेले, पण त्यांनी तोंड उघडायच्या आत अप्पाच बोलले.

“शेवटी काय झालं रे? माणसं अशी गप्प का झाली?”

“म्हणजे? तुम्ही बघितलं ना आत्ता?”

“कसलं बघतोय,” अप्पा म्हणाले. “वर्ष झालं, मला नुसता धुरळा दिसतो. भिंतीएवढा टीव्ही लावलास तू, पण मला तो खिडकीसारखा वाटतो. उजेड कळतो, एवढंच.”

वर्षभर त्यांनी या माणसाला सकाळी खुर्चीत बसवलं होतं आणि समोर चित्रं लावून ठेवली होती. हसला की नाही हे रोज तपासलं होतं. काय होतंय, एवढं मात्र विचारलं नव्हतं. ते खाली बसले आणि त्यांनी अप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मागे सगळा हॉल ऐकत होता, ऑडिटर तबकडी हातात घेऊन उभे होते.

“रजा मंजूर झाली, अप्पा,” तात्या म्हणाले. “त्याने कंदील खाली ठेवला आणि गेला.”

अप्पांनी मान वळवली. “तो वरच्या मजल्यावरचा आहे का रे इथे? तो नेहमी वेगळंच सांगायचा. काय रे, खरं काय?”

ऑडिटरांनी तबकडीकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे, ताईंकडे, एकेकाळी ज्यांनी त्यांना बडवलं होतं त्या सगळ्यांकडे पाहिलं. एका शब्दात त्यांचा जन्माचा हिशेब चुकता झाला असता.

“मंजूर झाली, अप्पा,” ते म्हणाले. “सही-शिक्क्यासकट. मी तेव्हासुद्धा तेच ऐकायला खाली यायचो.”

अप्पांनी मान खाली घातली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. तात्या घाबरून उठले, पण अप्पा रडत नव्हते. ते हसत होते, आधी आवाज न करता आणि मग खणखणीत, दात नसलेलं तोंड उघडून.

“अरे लबाडांनो,” ते म्हणाले. “ती रजा मी मंजूर केली होती. पाणीपट्टीच्या खिडकीत बसून. आमच्या ऑफिसात कुठलं आलंय साप्ताहिक, वर्तमानपत्रसुद्धा साहेब घरी न्यायचे.”

मग हॉलमध्ये जो हशा पिकला त्याने सेक्रेटरी बाई वरून धावत खाली आल्या आणि ही कसली शोकसभा म्हणून विचारू लागल्या. शिवणक्लासच्या ताई डोळे पुसत होत्या, आणि ऑडिटर डॉक्टरांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होते. तात्याही हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्यांनी अप्पांना विचारलं, इतके दिवस डोळ्यांचं सांगितलं का नाहीत?

“तुला एवढी हौस होती दाखवायची,” अप्पा म्हणाले. “मग काय सांगणार?” ते उठले, तात्यांच्या दंडाचा आधार घेतला, आणि दोन पावलं टाकून थांबले. “बिचाऱ्याला पेटीत घातला ना त्यांनी? मला तेव्हाच वाटलं होतं, असलंच काहीतरी करत असणार.”

“हो,” तात्या म्हणाले.

“उद्या आधी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. मग ते कार्टून लाव,” अप्पा म्हणाले. “बघू तरी, माझ्यापेक्षा बरं करतात का.”